तुझं पहिलं मयत

आई, तू पहिल्यांदा मेलीस तेव्हा घाटकोपरला सोसायटीत दुसऱ्यांच्या पोळ्या लाटत होतीस, आणि मला ती बातमी मस्कतच्या पुढे, सोहारजवळच्या एका लेबर कँपच्या गेटवर कळली. गेटवर पठाण वॉचमन बसला होता, दाढी मेंदीने लाल केलेला. मी दादाचं नाव सांगितलं, म्हटलं मैं उसका छोटा भाई, बंबई से. तो खुर्चीतून उठलाच. माझे दोन्ही हात त्याच्या पंजात धरले आणि म्हणाला, "तेरी माँ का सुना, बच्चे. अल्लाह सबर दे." खरंच सांगतो, मी तिथेच वाळूत बसलो. वाटलं मी निघाल्यावर तार आली असणार, ती दादाला मिळाली आणि मला नाही. त्याने मला पाणी पाजलं आणि समजावायला लागला, "रो ले, रो ले. तेरा भाई भी पिछली सर्दी में मय्यत से लौटा, तो महीना भर चुप था." पिछली सर्दी में? मागच्या थंडीत तर तू मला लाटणं फेकून मारलं होतंस, खूण अजून कपाळावर आहे. विमानतळावर मला सोडायला आलीस ती उन्हाळ्यात. म्हणजे हे मयत काही जमत नव्हतं. मी पाणी संपवलं, नाक पुसलं, आणि माझं डोकं चालायला लागलं. माझं डोकं कधी चालतं ते तुला माहीत आहे, कुणाची तरी वाट लावायची असली की.

मला तिकडे तूच पाठवलं होतंस. म्हणजे एजंटने पाठवलं, पण तुझ्यासाठी. दहावीत दोनदा गचकलेला, आपल्या डोंगरावरच्या झोपडपट्टीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नक्कल करून पोरांना हसवणारा मुलगा. त्याला मस्कतला एसीवाल्यांकडे हेल्परचं काम लागलं, तेव्हा तुला आनंद झाला तो एवढ्याचाच की तिथून दादाचा कँप गाडीने जाण्याएवढा जवळ आहे. निघायच्या दिवशी तू एक गाठोडं दिलंस. सुकट, कुळथाचं पीठ, तुझा मसाला. मी विचारलं, "आणि मला काय?" तर म्हणालीस, "तुका थंय काय कमी? ह्या तेका दी. आणि इचार तेका, माझा काय चुकला?" मी म्हटलं, "पूर्ण यादी सांगू त्याला की थोडीच?" तू चप्पल उचललीस.

काय चुकलं ते सगळ्या डोंगराला माहीत होतं. ती मुलुंडची मुलगी, दवाखान्यात कामाला, आपल्यातली नव्हती. दादा तिच्याशी लग्न करणार म्हणाला, तर तू दुसऱ्याच दिवशी मुलुंडला गेलीस आणि त्यांच्या बिल्डिंगखाली उभी राहून तिच्या आईला जे ऐकवलंस, ते मला आजही जसंच्या तसं तुझ्या आवाजात म्हणून दाखवता येतं. मला सोबत नेलं होतंस ना, बस कुठली पकडायची ते वाचायला. ती मुलगी गॅलरीत उभी होती, हातात ओला टॉवेल, टॉवेल वाळत घालायचं विसरून. महिन्याभरात दादाने गल्फचं काम घेतलं. बॅग घेऊन निघाला तेव्हा तू चुलीसमोरून उठली नाहीस. पाठमोरीच म्हणालीस, "तिच्याशी लगीन केलंस, तर मी मेलंय असां समज." तो "बरं" म्हणाला. एवढंच, बरं. मग वर्षानुवर्षं तू दारात बसून सहारला उतरणारी विमानं बघायचीस. ती इतक्या खालून जायची की पत्रे थरथरायचे, आणि तू म्हणायचीस, "ह्येच्यात आसात." मी म्हणायचो, "आई, हे दिल्लीचं आहे." मला कुठे काय माहीत होतं, पण तुझा चेहरा पडलेला बघायची हौस.

तर त्या शुक्रवारी मी शेअर टॅक्सीने निघालो. ड्रायव्हर बलुची, हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. उन्हाने सुकटीला वास सुटला, तशी गाडीतली माणसं कुजबुजायला लागली. ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, "ये क्या मर गया?" मी म्हटलं, "दवाई है, चचा, भाई के लिए. सूँघते ही ठीक हो जाएगा." त्याने मला पाठीमागे सामानात बसवलं. असा मी सामान म्हणून कँपला पोचलो, आणि पोचल्या पोचल्या माझी आई मेली.

वॉचमनने मला धरून आत नेलं. शुक्रवार म्हणून सगळे खोल्यांतच होते. बातमी पसरली की बंबईवाल्याचा भाऊ आलाय. एकेक जण यायचा, खांद्यावर हात ठेवायचा. मल्याळी कुक, ज्याला सगळे चेट्टा म्हणायचे, तो तर माझ्यासमोर चहा ठेवून स्वतःच रडायला लागला. त्याची आई खरी मेली होती म्हणे आणि त्याला सुट्टी मिळाली नव्हती. "तेरा भाई लकी. साब उसको छोड़ा," असं म्हणाला आणि डोळे पुसून माझ्या चहात आणखी साखर घातली. तेव्हा माझी टोटल लागली. मयताची सुट्टी. दादा मुंबईला येऊन गेला होता.

मग दादा आला, टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावर साबणाचा फेस. मला बघून जागीच थांबला. आई, त्याचा चेहरा. मी आयुष्यात इतक्या लोकांना घाबरवलं, पण असा घाबरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. सगळे आमच्याकडे बघत होते. मी एक वाक्य बोललो असतो, "आमची आई ठणठणीत आहे," की त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. मी उठलो, त्याच्या गळ्यात पडलो आणि मोठ्याने हंबरडा फोडला, "दादा, आई गेली रे!" फेस माझ्या डोळ्यांत गेला, ते फार कामाला आलं. त्याने माझ्या कानात म्हटलं, "गप बस, हलकट." मी आणखी जोरात रडलो.

मग मी गाठोडं सोडलं आणि चेट्टाला सांगितलं, ये माँ ने मरने से पहले अपने हाथ से बनाके रखा था, बड़े भाई के वास्ते. तो पठाण, दोन बिहारी वेल्डर, सगळे जवळ सरकले. चेट्टाने टोपी काढली. त्याने स्वतः शेगडी पेटवली, तुझ्या मसाल्यात सुकट केली, भात केला, आणि लांब टेबलावर दादाला मधोमध बसवलं. कुणी हात लावेना. पहिला घास बेटे का, असं म्हणत होते. मी शेजारी बसून म्हटलं, "खा दादा. आईच्या हातचं शेवटचं आहे." तो माझ्याकडे बघत राहिला. मी भात कालवून घास त्याच्या तोंडाशी नेला, तू लहानपणी त्याला भरवायचीस तसा, मला कधी भरवला नाहीस तसा. त्याला तोंड उघडावं लागलं. घास गिळला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाटक की खरं, की तुझ्या मसाल्याचा तिखटपणा, मला कळलं नाही. टेबलावरची सगळी माणसं रडत जेवली आणि भांडं पुसून खाल्लं. वास आला म्हणून मला सामानात बसवलं होतं, तीच सुकट.

जेवण झाल्यावर त्याने मला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि कानफटात मारली. मी म्हटलं, "मेलेल्या आईची शप्पथ, आणखी एक मारलीस तर आत जाऊन सांगेन." तो भिंतीला टेकून बसला. सांगितलं सगळं. सुट्टी दुसऱ्या कशाला मिळत नाही, म्हणून तुला मारलं. सहारला उतरला, तिथून थेट मुलुंडला गेला, कोर्टात लग्न केलं, सुट्टी संपेपर्यंत तिथेच राहिला, परत आला. म्हणजे त्या विमानांतल्या एकात तो खरोखर होता, आई. तुझ्या डोक्यावरून गेला. मी विचारलं, "एकदा वर यायला काय झालं होतं?" तर म्हणतो, "तीच म्हणाली ना, मी मेले समज? मी समजलो. मी काय खोटं बोललो साहेबाशी?" मग मी तुझा प्रश्न विचारला. आई विचारते, तिचं काय चुकलं. तो उठला, कुल्ले झटकले आणि म्हणाला, "मेलेली माणसं विचारत नाहीत."

काँट्रॅक्ट संपवून मी घरी आलो. तू बॅग उघडायच्या आधी विचारलंस, "इचारलंस तेका?" मी म्हटलं, "विचारलं. म्हणाला, आईचं कधी काही चुकत नाही." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तो असां बोलूचो नाय. तू बोलतंस." पुढे रोज तेच. तो कसा हुशार, तो कसा शांत, आणि मी कसा दोन वर्षं परदेशात राहून जसा गेलो तसा परत आलो. एका दुपारी तू भाकरी थापताना म्हणालीस, "तेच्या जागेर तू गेललंस तर माका काय एक वाटला नसता." मला लागलं. मी म्हटलं, "तूच गेलीस तिकडे, कधीची. त्याने तुझ्या नावाने सुट्टी काढून मुलुंडवालीशी लग्न केलं. अख्खा कँप तुझ्या दिवसांचं जेवणसुद्धा जेवला. मी पण जेवलो." आणि सगळं सांगितलं, पठाणाच्या, चेट्टाच्या, दादाच्या आवाजात, हातवारे करून. भाकरी तव्यावर करपली. तू ती उलटली नाहीस. मला वाटलं आता लाटणं येणार. तू हाताचं पीठ झाडलंस आणि विचारलंस, "सुकटीत मीठ बरोबर होतां मां?"

मी म्हटलं, "बरोबर होतं."

"मग बरां."

त्यानंतर तू दारात बसली नाहीस. विमान गेलं की पत्रे वाजायचे, तू वर बघायची नाहीस. आणखी एकच बोललीस, तापात, शेवटच्या आठवड्यात. "मी गेलंय तर तेका कळवू नको. परत मेलंय म्हटल्यार तेची नोकरी जायत." स्वतःच्या मरणाने त्याची नोकरी जाऊ नये म्हणून तुला काळजी, आणि उशाशी कोण बसलं होतं? मी. पाणी कोण पाजत होतं? मी. तरी तुझं तोंड पश्चिमेकडेच.

तुला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तार ऑफिसात गेलो. तुझी तार करता येत नव्हती. कँपमध्ये तार आधी साहेबाच्या टेबलावर जाते, आणि साहेबाच्या हिशेबी तू कधीच संपलेली. बाबा तर मिल बंद व्हायच्या आधीच गेलेले, तेही साहेबाला माहीत. राहिलं कोण? मी तार केली, धाकटा भाऊ वारला, ताबडतोब ये. पाठवणारी म्हणून शेजारच्या काकीचं नाव. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "वारले ते तुमचे कोण?" मी म्हटलं, "मीच." त्याने वर बघितलं, माझं तुळतुळीत डोकं बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

आणि तो आला, आई. काकीने मला नंतर सांगितलं, की खालच्या नळापासून तो पळत चढत होता, पायात एकच चप्पल. कँपच्या लोकांनी साहेबाच्या दाराशी बसून त्याची सुट्टी काढली होती. चेट्टाने माझ्यासाठी मेणबत्त्या दिल्या होत्या. मी दारात बसलो होतो, तुझ्याच जागेवर. तो वळणावर आला, मला बघितलं आणि थांबला. साबणाच्या फेसातला तोच चेहरा.

"तू मेलास ना?"

"मी नाही. ती."

तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. "मग तार?"

"तुझी आई तर आधीच मेली होती. दोनदा सुट्टी कोण देणार?"

मला वाटलं मारणार. तो खाली बसला, माझ्या टकलावर हात ठेवला, आणि लहान पोरासारखा रडला. तुझ्या खाटेकडे त्याने नंतर बघितलं, फार नंतर. तेव्हा म्हणाला, "काही बोलली का?" मी म्हटलं, "मेलेली माणसं बोलत नाहीत." त्याचंच हे वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते बघून माझं पोट भरलं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. टाकलं असतं आणि पोचलं असतं, तरी तुला कुठे वाचता येत होतं? तू मलाच हाक मारली असतीस, इकडे ये मेल्या, काय लिवलाहा ता वाच. मी वाचलं असतं. फक्त शेवटची एक ओळ गाळली असती. तो एका चपलेने धापा टाकत वर आला ना, तुझा तो, तेव्हा तुझे दिवस चालू होते आणि घरात दिवा जळत होता. पण तो माझ्यासाठी आला होता, आई. मी खूश होतो.