अर्थिंगचं पाणी

बाबा, तुमचे काचेचे दिवे अजून पेटतात. एवढंच सांगायला बसले होते, पण सांगायचं दुसरंच आहे आणि ते सांगायला मला म्हातारी व्हावं लागलं. तुम्ही मला चौथीपर्यंत शाळेत पाठवलं. लिहायचं एका तऱ्हेनं आणि बोलायचं दुसऱ्या तऱ्हेनं, एवढंच त्यातलं डोक्यात राहिलं, म्हणून हे पुस्तकातल्यासारखं लिहिते आहे. हसू नका. उन्हाळ्याची दुपार आहे, जेवणं उरकली आहेत, आतल्या खोलीत माझी नात गिटार बडवते आहे. डोकं उठवणारं वाजवणं आहे, आणि तरी मी पडदा ओढून झोपले नाही, यावरून काय ते समजा.

ही मुलगी तुम्ही पाहिली नाही. हिवाळ्यात तिनं माळ्यावरची तुमची पत्र्याची पेटी खाली काढली. जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेले तुमचे रेडिओचे व्हॉल्व्ह, तेच काचेचे दिवे, जसेच्या तसे होते. मी ते मायेनं जपले असं काही समजू नका. भंगारवाला काच घेत नव्हता म्हणून राहिले. तर ही म्हणाली, आजी, मी याचं गिटारचा आवाज मोठा करायचं मशीन करते. मी म्हटलं, "बाजारात भेटत नाही काय?" म्हणाली, "भेटते. पण दिव्याच्या मशीनचा आवाज येगळाच राह्यते." हे तुम्ही म्हणायचे. तिला कोणी सांगितलं देव जाणे. मग चार महिने घरभर तारा, कथलाचा डाग द्यायचा धूर, आणि मोबाईलमध्ये बघून काढलेले नकाशे. ट्रान्सफॉर्मर मागवले, पत्र्याला भोकं पाडली. मी रोज बोलत होते, की या मुलीला एक भाजी नीट येत नाही. ती ऐकत नव्हती. माझ्यावर गेली आहे.

चैत्र संपता संपता तिनं ते चालू केलं. दिवे हळूहळू केशरी झाले आणि मग तो आवाज आला. घूंऽऽ. लांबून कापसाचं जिनिंग चालू असल्यासारखा. तिनं तारांवर बोटं ठेवली की कमी व्हायचा, बोटं उचलली की पुन्हा भरून यायचा. मी चुलीशी होते. ते कमी-जास्त होणं ऐकलं आणि तव्यावरची भाकर जळेपर्यंत मी तशीच उभी. मला तो आवाज ओळखता आला बाबा. आणि मी काही बोलले नाही.

तिनं पंधरा दिवस तो आवाज शोधला. मी दारात बसून तुमची रीत तिला सांगत गेले, जेवढी ओसरीत बसून पाहिली होती तेवढी. माईकच्या बाजूनं एकेक दिवा काढत जायचं, ज्या दिव्याला आवाज मेला तिथं थांबायचं. तारा हलवायच्या तर बांबूच्या काडीनं, बोटानं नाही. एकदा ती उजव्या हातानं काडी फिरवत होती आणि डावा हात पत्र्यावर टेकलेला. मी उठले आणि लाटण्यानं त्या मनगटावर एक ठेवून दिली. "हात माघं घे. पाठीमागं. दोन हात लागले तं करंट छातीतून जाते." ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "काऊन मारते वं आजी?" मला तुमची आठवण झाली. सात-आठ वर्षांची असेन, चालू मशीनकडे मी दोन्ही हात नेले होते आणि तुम्ही असंच मारलं होतं, आणि दिवसभर माझ्याशी बोलला नव्हता. मी समजत होते, मुलगी म्हणून मला शिवू देत नाहीत. किती वर्षं मी तो राग धरून होते. लाटणं खाली ठेवलं तेव्हा कळलं, तुम्ही भिऊन मारलं होतं.

तिनं कंडेन्सर बदलले. दिव्यांना वीज नेणाऱ्या दोन तारा सुतळीसारख्या पिळून कडेनं नेल्या. ट्रान्सफॉर्मर आडवा होता तो उभा केला. आवाज निम्मा झाला आणि तिथं अडून बसला. परवा दुपारी तिनं हातातलं सगळं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "माह्या हाताले नाही जमत आजी. उद्या उकलून टाकते. दिवे पेटीत ठेवून देते." ती रडली असती तरी मी गप्प बसले असते. पण ती अगदी शांतपणे बोलली. तसंच, त्याच शब्दांत, याच जागेवर तुम्ही बोलला होता.

तुम्हाला तो उन्हाळा आठवत असेल. परसात अर्थिंगची लोखंडी कांब पुरलेली होती, तिला बांधलेली जाड तार खिडकीतून तुमच्या टेबलापर्यंत आली होती. रेडिओला तिची गरज नसे, पण लग्नातल्या भोंग्याच्या मोठ्या मशीनला असे. कांबेच्या बुडाशी रोज सकाळी एक घागर पाणी ओतायचं, हे काम माझं. माती कोरडी झाली की मशीन घुमते, एवढं तुम्ही मला सांगून ठेवलं होतं. त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला होता. माझ्या वाट्याला एक घागर, आणि कुंपणाला माझा दोडक्याचा वेल, पानं खाली टाकून उभा. लोखंडाला पाणी घालून त्याला काय फुटणार होतं? मी घागर वेलाला ओतली. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच.

त्याच दिवसांत जानेफळचा मंडपवाला त्याचं भोंग्याचं मशीन घेऊन आला. ऐन लग्नसराई होती. तुम्ही ते आठ दिवस उघडंच ठेवलं. दिवे बदलले, कंडेन्सर बदलले, डाग काढून पुन्हा दिले. घूं जाईना. जेवताना तुमचं लक्ष ताटात नसे, कान ओसरीकडे. तीन वेळा तुम्ही मला विचारलं, "पाणी टाकलं काय वं?" तीनही वेळा मी म्हटलं, "हाव, टाकलं." एकदा तर चिडून म्हटलं, "रोजच तं टाकते." परसात जाऊन पाहिलं असतं तर भेगा दिसल्या असत्या. तुम्ही गेला नाहीत. मी टाकलं म्हटलं म्हणजे टाकलं. तुम्ही माझ्यावर शंका घेतली नाही, स्वतःच्या हातावर घेतली.

नवव्या दिवशी मंडपवाला मशीन उचलून धामणगाव बढ्याला दुसऱ्या मिस्तरीकडे घेऊन गेला. तिथं ते पहिल्याच बटणाला साफ बोललं. बोलणारच, त्याच्याकडची माती ओली होती. तो परत येऊन भर बाजारात तुम्हाला म्हणाला, "मिस्तरी, मशीनले तं काहीच नव्हतं झालं. तुमचा हात गेला आता." तुम्ही उत्तर दिलं नाही. मी तुमच्या बाजूला पिशवी धरून उभी होते, मीही दिलं नाही. घरी येऊन आईला म्हणालात, "माह्या हाताले नाही जमत आता," आणि एकेक दिवा धोतराच्या तुकड्यात गुंडाळत बसलात. नंतर जन्मभर जिनिंगवर वजनकाट्याशी उभे राहिलात. केसांत कापूस घेऊन घरी यायचे. आई केस झटकून द्यायची, आणि मी दुसरीकडे बघायचे.

तर परवा नात तसं बोलली आणि मी उठले. म्हटलं, "बंद कर ते. पिन काढ. बादली घे अन् चाल माह्यासंगं." तुमचं घर पाडून मी नव्यानं बांधलं, पण वायरमननं अर्थिंगचा खड्डा परसात तिथंच घेतला होता, पाणी ओतायला नळी ठेवून. त्या नळीवर मी इतकी वर्षं खरकट्याची बादली ठेवत आले. जागा काय मला माहीत नव्हती? बादली सरकवली. आत कोळ्यांची जाळी आणि खडखडीत माती. दोन बादल्या तिनं ओतल्या, मूठभर मीठ मी टाकलं, आणखी दोन ओतल्या. मातीनं पाणी असं ओढलं की मला तिथं उभं राहवेना. तासाभरानं आत येऊन तिनं पिन लावली. दिवे केशरी झाले. आम्ही दोघी वाट पाहत होतो. तिनं तारांवरची बोटं उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. काही फरक नाही. पंख्याचा आवाज येत होता तेवढाच.

"आजी, तुले कसं माहीत?" तिनं विचारलं. आपले पणजोबा हुशार होते असं ऐकायला ती तयार बसली होती, आणि माझ्या तोंडातही तेच आलं होतं. पण मग तिला सगळं सांगितलं. वेलाचं, घागरीचं, तीन वेळा "हाव" म्हटल्याचं. ती आधी हसली. "दोडक्यापायी आजी?" मग हसायची थांबली आणि म्हणाली, "मंग त्यायचा हात गेलाच नव्हता." मी म्हटलं, "नाही. कधीच नाही." एवढं वाक्य मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते. आज सकाळी ती आपणहून परसात बादली घेऊन गेली. खोटं नाही बोलत, मी मागून जाऊन माती बोटानं चाचपून आले. तुम्ही हे करायला हवं होतं.

हे कागद तुमच्या पेटीत ठेवणार होते, पण पेटीत आता तिची हत्यारं आहेत. पिठाच्या डब्याखाली ठेवीन, नाहीतर चूल पेटवायला घेईन, अजून ठरवलं नाही. एक राहिलं. ज्या आठवड्यात तुम्ही दिवे गुंडाळले त्याच आठवड्यात वेलाला पहिली दोडकी आली आणि आईनं भाजी केली. तुम्ही दोनदा मागून घेतली आणि म्हणालात, "याले पाणी चांगलं भेटलं वाटते." तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होता की ताटाकडे, हे मला काही केल्या आठवत नाही, कारण मी मान वर केली नव्हती. मी जेवत होते. मीही दोनदा घेतली. चांगली झाली होती.