ताईच्या डोळ्यातला डाग

३ मार्च
चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.
कावीळ गेली, पण तिचा विषाणू यकृतात ठाण मांडून बसलाय, म्हणून दर आठवड्याला इंजेक्शन चालू आहे. ताप येतो, केस गळतात, आणि माझ्या चिडचिडीपायी तुझे भावजी घरात चोरपावलांनी वावरतात. तेही सोसलं. पण परवा एका कोटाला रफू करताना डाव्या डोळ्यापुढे धुरकट डाग आला, तो हलेचना. चष्मेवाल्याने नंबर बदलला, तरी तो तिथेच. गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं, म्हणालं, रफू लांबूनही दिसतंय. असं मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. यकृताच्या डॉक्टरांना काही सांगितलेलं नाही. विषाणू आत्ता कुठे कमी होतोय, आणि सांगितलं तर ते इंजेक्शनं थांबवतील. तूही गप्प राहा. मुलींना पापे. आहे ती माया असू दे.
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.
पत्र वाचून डोकं फिरलं. भावजींना फोन करून सगळं सांगून टाकलंय. हव्या तेवढ्या शिव्या दे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आतला पडदा तपासून घे. तुझे हात रिकामे राहिले तर तू भावजींना जगू देणार नाहीस, निदान त्यांची दया कर. रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा बारक्या

१९ जून
चि. बारक्यास, आशीर्वाद.
चुगली केलीस म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुझे भावजी हाताला धरूनच घेऊन गेले. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी थेंब घालून पाहिलं. पडद्यावर रक्ताचे ठिपके आणि कापसासारखे पांढरे डाग होते. त्या म्हणाल्या, इंजेक्शनांमुळेच झालंय, थांबवा. यकृतवाले म्हणाले, थांबवलं तर आजार उलटेल. मी विचारलं, डोळ्यांचं आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, फार थोड्यांना होतं. आता त्या थोड्यांत मी आले, त्याला काय करू? दोघं डॉक्टर फोनवर भांडले आणि शेवटी ठरवायचं माझ्यावरच टाकलं. मी थांबवलं.
डाग विरत चाललाय. हळूहळू काम घेते. काल रक्ताचा रिपोर्ट आला. भावजी वाचून दाखवणार होते, मी त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः वाचला. विषाणू परत वाढलाय. बारीक अक्षर होतं, पण सगळं स्वच्छ दिसलं.
आता दुसऱ्या औषधाचं बघताहेत. मधूनमधून येत जा, नुसती पत्रं नकोत.
तुझी ताई