तुमच्याच टेबलावर जेवणारं कोणीतरी

पायसांदू, मंगळवार

आदरणीय एबेर दाजी यांस विल्मारचा आदरपूर्वक नमस्कार.

आजवर मी तुम्हाला 'अरे एबेर' म्हणत आलो, आणि एकदोनदा त्याहून वाईटही. पण तुम्ही माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे, मिर्ताचे यजमान, तेव्हा मान हा द्यायलाच हवा, हे मला अलीकडेच जाणवलं. तुमचा गुडघा कसा आहे? मिर्ताचा रक्तदाब? कबुतरं खुशाल? दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला टपालानं पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. फोनवर मी तुम्हाला ब्लॉक केलंय, आणि दारात येऊन उभं राहायचं तर माझा स्वाभिमान आडवा येतो. (टपालातली बाई पत्ता वाचून हसली. तिचं हसणं मनावर घेऊ नका, मीही घेतलेलं नाही.)

गैरसमज नको, मी माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. काय घडलं ते तुम्हाला नीट कळावं, एवढाच हेतू. आपल्या शर्यतीच्या कबुतरांच्या फोनवरच्या गटात तो लिसांद्रो आला, आठवतो ना? फोटोत घोडा, घोड्यावर टोपी, आणि चेहऱ्याच्या जागी टोपीची सावली. सगळ्यांसमोर तो बेताचंच बोलायचा. मला मात्र खासगीत लिहायचा, रोज सकाळी, मी दाणे टाकायच्या आधी. 'विल्मार, या गटात पक्ष्यांची खरी जाण एकट्या तुम्हाला आहे.' आता दाजी, यात खोटं काय होतं? मी जन्मभर हेच सांगतोय, तुम्ही कोणी कधी मान्य केलंत? मग त्यानं माझ्या कंबरेची चौकशी केली, माझ्या बायकोचं, एल्साचं नाव लक्षात ठेवलं, तिच्या वाढदिवसाला फुलांचं चित्र पाठवलं. एल्सा गेल्यापासून त्या तारखेला घर मला खायला उठतं, त्यामुळे ते चित्र मी बराच वेळ बघत बसलो. (तुम्ही आणि मिर्ता त्या दिवशी खरा केक घेऊन आला होतात, पण तो मुद्दा वेगळा.)

मग एके दिवशी त्यानं लिहिलं, 'सांगावंसं वाटत नाही, पण पाठीमागे लोक तुम्हाला हसतात. नाव नाही घेणार. तुमच्याच टेबलावर जेवणारं कोणीतरी आहे. हे आपल्या दोघांतच राहू द्या.' शपथेवर सांगतो, त्यानं तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. मीच विचारलं, 'एबेर का?' त्यावर तो नुसता गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणं मला इतकं पटलं की बाकीचा पुरावा मीच गोळा करून दिला. माझी निळी मादी शर्यतीतून उशिरा परतली तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघून केलेलं तोंड, आसादोच्या वेळी निखाऱ्यावर करपलेलं सॉसेज नेमकं माझ्याच ताटात पडणं, सगळं.

त्यानंतरचा रविवार तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचा द्राक्षांचा मांडव, निखाऱ्यावर मांस, येर्बाच्या कडू चहाची पहिलीच फेरी. तुम्ही वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात गरम पाणी ओतून माझ्या हातात दिलात. मी नळीनं ओढलं, भोपळा परत केला आणि म्हणालो, 'धन्यवाद.' हा शब्द आपल्याकडे कधी म्हणतात ते पाळण्यातल्या पोरालाही कळतं. म्हणजे बस्स झालं, आता मला देऊ नका. तोही पहिल्याच फेरीत, तुमच्या हातचं पिऊन! मिर्ताच्या हातातला चिमटा खाली पडला. तुम्ही मिर्तासाठी पाणी ओतलंत. मी न जेवता घरी आलो, आणि लिसांद्रोनं बाण काढलेली चित्रं पाठवून मला तुम्हाला ब्लॉक करायला शिकवलं. फार शांतपणे शिकवतो हो. माझ्या मुलानं मला एवढा वेळ कधी दिला नाही.

मग त्याची माया फारच वाढली. दुपारी डोळा लागला तर 'कुठे होतात? माझ्यावर विश्वास नाही?' दाताच्या डॉक्टरकडे गेलो तर रुसून बसला, आणि मी बधिर तोंडानं त्याची समजूत काढत होतो. शेवटी म्हणाला, खरे मित्र असाल तर गट सोडा, आणि कबुतरखान्याची जादा किल्ली कुठे ठेवता तेही सांगा, मित्रांत लपवाछपवी कसली! (सांगितली नाही. अक्कल म्हणून नव्हे, मलाच ती सापडत नव्हती.)

गेल्या शनिवारी ओरोस्मानच्या दाण्याच्या दुकानात निबिया भेटली, आपल्या गटातली, ती पांढऱ्या कबुतरांवाली विधवा. मी टोपी काढली, तिनं तोंड फिरवलं. 'पाठीमागे हसायचं आणि पुढ्यात टोपी काढायची?' 'मी हसतो? तुम्हीच हसता!' असं आमचं दुकान डोक्यावर घेणं चाललं, तेव्हा तिनं फोन माझ्या नाकाशी धरला. 'निबिया, या गटात पक्ष्यांची खरी जाण एकट्या तुम्हाला आहे.' आणि त्याखाली, 'तुमच्याच टेबलावर जेवणारं कोणीतरी.' दाजी, निबिया एकटी जेवते! बिचारीनं आठवडाभर मांजरीला पलंगावर घेतलं नव्हतं. (मांजरीखालोखाल संशय माझ्यावर.) ओरोस्मान काउंटरमागून खाकरला. 'मलाही आलाय तो मेसेज. मी सासूला तिच्या गावी पाठवून दिलं.' मग दाणे तोलता तोलता म्हणाला, 'ते मात्र आता तसंच राहू द्या.'

तिथल्या तिथे मी लिसांद्रोला एकच शब्द लिहिला, 'धन्यवाद.' लगेच उत्तर आलं, 'अहो मित्रा, कशाबद्दल?' निबिया म्हणाली, 'रोज सकाळी हातात भोपळा असतो म्हणायचा ना हा? पुरे म्हटलेलं कळलं नाही याला, मेला जन्मात कोणाच्या शेजारी बसून येर्बा प्यालेला नाही!' मी त्याला ब्लॉक केलं. त्यानंच पाठवलेली चित्रं बघून केलं, एकही बाण चुकला नाही.

असो. एवढंच कळवायचं होतं. मिर्ताला आशीर्वाद, गुडघ्याला शेक द्या.

आपला,
विल्मार

ता. क. माझं काहीही मागणं नाही.

दुसरा ता. क. मागणं नाही, पण ब्लॉक करायची चित्रं त्यानं दिली, उठवायची दिली नाहीत. तेव्हा उत्तर टपालानंच पाठवा. मी रविवारी येऊन माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसेन. फेरी माझ्यापर्यंत आली की पाणी ओता आणि भोपळा हातात द्या, बोलायचं काही कारण नाही. ते 'धन्यवाद' मी परत घेतोय.

तिसरा ता. क. एबेर, ते दाजीबिजी पुरे झालं आता. त्यानं तुलाही तेच लिहिलं असणार, तुझ्याच टेबलावर जेवणारं कोणीतरी. दर रविवारी बाहेरून येऊन तुझ्या टेबलावर जेवणारा मी एकटाच आहे. तुला माझा संशय आला होता का? आला असेल तर खुशाल लिही, फिटंफाट झाली. पण एकदाही आला नसेल, तर कृपा करून मला सांगू नकोस. मला रविवारी तुझ्याकडे जेवायचंय.