उंबऱ्यावरचा टेबलफॅन

आई,

तुम्ही भाजी आणायला गेलात तेवढ्यात एसीवाला येऊन गेला. मी डॉक्टरांकडे तपासणीला चाललेय. पोटातल्या बाळाला सांभाळून सावकाश जाईन, काळजी नको.

आमच्या खोलीतलं मशीन उद्यापर्यंत बंदच राहणार, पार्ट मिळाला नाही. तुमचं मशीन दिवसरात्र चालूनही तुमची खोली गार का होत नाही, तेही त्याला विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे हो! दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावरचा हा फॅन सगळा गारवा समोरच्या खोलीत ढकलतोय."

समोरची खोली म्हणजे आमची! मला मात्र सांगत होतात, "फॅन डासांसाठी आहे, आणि दार लावलं की मला एसी सोसत नाही." बंद एसीच्या खोलीत मला एवढी छान झोप कशी लागते, ते आज कळलं. सून गारेगार आणि सासू घामाघूम! तुमच्यापुढे हात टेकले बाई.

फॅन त्याच्याकडूनच माळ्यावर टाकून घेतलाय. आज दार लावून झोपायचं. माझी उशी तुमच्या पलंगावर ठेवलीय. तुमच्या लेकाला घोरू दे तिकडे घामात.