चाल तुझी होती

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुझी चाल अजून माझ्याच नावावर आहे.

कॉलेजात असताना पुण्यात आमचा चौघींचा पॉप ग्रुप होता. तू पहिल्या रांगेत बसायचीस आणि घरी आल्यावर विचारायचीस, "चौघी एकदम गाता, त्यात तुझा आवाज कुठला गं?" मी खालचा सूर धरायचे. "मी थांबले तरच कळेल," असं सांगायचे. मग एका कार्यक्रमात मला मधेच ठसका लागला. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, "आज कळला बरं का." दोन अल्बमनंतर ग्रुप मोडला. लग्न होऊन मी इकडे परदेशात, कॉर्कला आले. नवरा जवळच रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात, आणि मी घरी बसून इथल्या गायकांसाठी इंग्रजीत गाणी लिहायला लागले. वाटलं, निदान कागदावर तरी मी एकटी दिसेन.

तू काही महिने इकडे राहायला आलीस त्या वर्षी माझं सगळं लिहिणं अडलं होतं. तू ओट्याशी उभी आहेस, ओल्या फडक्यावर थालीपीठ थापतेस आणि गुणगुणतेस. थापताना चाल पुढे सरकते, बोटाने भोकं पाडताना थांबते, थालीपीठ तव्यावर पडलं की पुन्हा सुरू होते. मी फोन फळीवर ठेवून तुझ्या नकळत ते टेप केलं आणि त्यावर शब्द बसवले. गाणं पुरं झाल्यावर ते टेप केलेलं पुसून टाकलं. पक्का आवाज भरला की कच्चा पुसायचा, ही आमच्या कामातली पद्धतच. तेव्हा हात जराही अडखळला नाही.

रेडिओवर ते लागलं तेव्हा तू भांडी पुसत होतीस. हातातलं ताट तसंच धरून ऐकलंस. "अगं, हे माझंच ना? मी गुणगुणते ते?" निवेदक नेमकं त्या मधल्या थांबण्याचं कौतुक करत होता. मी म्हटलं, "नाही गं आई, मी दिवसभर वाजवत असते ना, तुझ्या तोंडात बसलं ते." तू ताट पुसून ठेवलंस. "असेल बाई. हल्ली माझं काही खरं नाही." संध्याकाळी मावशीला फोनवर हसून सांगत होतीस, "लेकीचंच गाणं उचललंय मी, म्हातारपणी." उरलेले तीन आठवडे तू थालीपीठं केलीस, पण स्वयंपाकघरातून फक्त थापण्याचा आवाज यायचा.

आता तुझी चाल आठवायला गेले की माझेच शब्द येतात. कधी तवा तापत असताना मागे कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं, सूर लावण्याआधी घेतात तसा. मी गॅस बंद करून उभी राहते. सूर येत नाही.

इथल्याच डून लेरी गावच्या तीन मुलींनी ते गाणं नव्याने गायलंय. अल्बमवर छापायची नावं त्यांनी परवा तपासायला पाठवली. गीत आणि संगीत, पुढे एकटी मी. काही बदल असेल तर कळवा, मग छपाईला देतो, असं लिहिलं होतं. दोन दिवस मी तुझं नाव माझ्या नावाशेजारी लिहून पाहत होते, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

हे पत्र मी तुला विचारायला लिहीत नाहीये, आई. त्या मुलींना आज सकाळीच मी उत्तर पाठवलं, 'ग्रँड' एवढंच, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. मग हे लिहायला बसले.