आत्याच्या भल्यासाठी

बिशान, १ सप्टेंबर २०२५

चि. अनुयास शैलेंद्रकाकाचे आशीर्वाद.

तुला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केले आहे, म्हणून हे पत्र. मंडळाच्या कार्यक्रमात इराने लिंकनचे भाषण म्हणायचे ठरले होते. तू माझ्या मुलीच्या तोंडी अमेरिकी अध्यक्ष जॅक्सनचे १८३० सालचे, तिथल्या काँग्रेसपुढचे भाषण घातलेस. वर माइक घेऊन सांगितलेस, की मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून उठवताना हा अध्यक्ष त्यांच्याच भल्याचे बोलत होता, आणि असे अध्यक्ष घरातही असतात. ताईला पाठवतो आहे हे मंडळात सगळ्यांना ठाऊक; सगळा हॉल माझ्याकडे वळला.

अरुणाताई भारतात, पुण्याच्या वृद्धाश्रमात जाणार आहे. विमानाचे तिकीट काढले आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुला डोक्यावर बसवले, ते चुकलेच. इराला शिकवायला यापुढे येऊ नकोस.

आशीर्वाद रीत म्हणून दिले. लोभ मागू नकोस.

शैलेंद्रकाका

बुकित बातोक, ४ सप्टेंबर

ती. काकांस अनुयाचा सा. न.

नवे घर देऊ, जाण्याचा सगळा खर्च सरकार करील, असे जॅक्सननेही मायेने सांगितले होते. पुढे त्या वाटेवर हजारो माणसे मेली. जेवताना तुम्ही म्हणालात, "तिथे ताईला तिच्या वयाची माणसं मिळतील." मला त्याचेच भाषण ऐकू आले. आत्याने इराला वाढवले. आता इराला वेगळी खोली हवी, तर आत्या नको? तिला एकदा तरी विचारलेत?

मी तिला माझ्याकडे आणणार आहे. १४ तारखेला टॅक्सी घेऊन येते. दार उघडले नाहीत तर तुमच्या इमारतीखाली बसून राहीन.

राग खुशाल ठेवा, आत्याला अडवून ठेवू नका.

अनुया

बिशान, ८ सप्टेंबर

चि. अनुयास अरुणाआत्याचे आशीर्वाद.

तुझे पत्र शैलेंद्रने माझ्यापुढे टाकले. हे उत्तर त्यालाही वाचायला दिले आहे.

कार्यक्रमात मी तिसऱ्या रांगेत बसले होते, हे तुला दिसत होते. हॉल आधी त्याच्याकडे वळला, मग माझ्याकडे. शेजारच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन थोपटला. इथे इतकी वर्षे नोकरी केली, पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी झाले, पण इतकी बिचारी मी कधी नव्हते.

त्याने माझे पुणे ठरवले, तू बुकित बातोक ठरवलेस. टॅक्सीसुद्धा ठरवलीस. विचारलेत का, असे त्याला दरडावतेस. तू कधी विचारलेस?

तिकीट रद्द करायला लावले आहे. ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीकडे खोली रिकामी होती. उद्या तिकडे जाते. पत्ता फक्त इराला दिला आहे. तिला खोदून विचारू नका, दोघांनीही.

१४ तारखेला येऊ नकोस. लोभ आहे, पण तो किती ठेवायचा ते आता माझे मी बघेन.

अरुणाआत्या