रिकामी नळी

३ नोव्हेंबर
ऑर्हूसच्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. साठाव्या वर्षी कोण नोकरी देतं? यांनी दिली. गर्भवतीच्या रक्तात बाळाच्या मोजक्या पेशी तरंगत असतात. त्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचायच्या. पोटात सुई न खुपसता बाळाची तपासणी होते. माझा हात अजून स्थिर आहे. प्रमुख रिक्के माझ्या निम्म्या वयाची, पण कामाला चोख. एकीचा वाढदिवस होता. डॅनिश रीतीप्रमाणे तिच्या टेबलावर छोटा झेंडा होता. माझ्या टेबलावर शेवटचा झेंडा आईने ठेवला होता.

५ नोव्हेंबर
पडताळणीसाठी रोज एक नळी अशा बाईच्या रक्ताची लागते, जिला कधीच दिवस राहिले नाहीत. तीत पेशी सापडली तर त्या दिवसाचे सगळे निकाल रोखायचे. माझा अर्ज चाळून रिक्के म्हणाली, "विबेके, तूच आमची रिकामी नळी." सगळ्या हसल्या, मीही. अर्जात 'कधीच नाही' लिहिलंय. एकोणिसाव्या वर्षीचं बाळंतपण आता कुणाला सांगायचं? मी त्याला पाहिलंही नाही. नर्सने परस्पर बाहेर नेला.

७ नोव्हेंबर
माझ्या नळीत एक पेशी. मुलाची. काही जुन्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात, हे मला ठाऊक आहे. पण ही वारेची होती, ताजी. वारेच्या पेशी बाळंतपणानंतर टिकत नाहीत. रिक्केने विचारलं, कधी दिवस राहिले होते का? नाही म्हणाले.

११ नोव्हेंबर
चार. रंग बदलला, नळ्या बदलल्या. रिक्केने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले. घरी जेवायला दोन ताटल्या मांडल्या. का, ते —

१४ नोव्हेंबर
एकोणीस. रिक्के रागावली नाही, हेच वाईट. "अकरा बायका निकालासाठी थांबल्यात, विबेके. खरं सांग." कधीच नाही, म्हणाले. पोटात काहीतरी सरकलं.

१७ नोव्हेंबर
मोजता येत नाहीत. मी नाकारते तसा तो वाढ —

१८ नोव्हेंबर
आज सांगणार. सर्वांत आधी आले. कुलूप मीच उघडलं. आत कुणी नाही.
माझ्या टेबलावर छोटा झेंडा. ओला.
माझा वाढदिवस एप्रिलात. एक्केचाळीस वर्षांपूर्वी आजच — तारीख मी कुणालाच —
पोटात लाथ. पुन्हा.
लिहिते, थांब. होतास. तू होतास. मी तुझी —